जोडीच्या घंटा

आमच्या पेठेतले एक भांड्यांचे व्यापारी घरी कानडी आणि दुकानात मराठी बोलत, पण दोन्हीकडे मोजकंच. पितळेचं भांडं बोटाने वाजवून बघितल्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या हाती देत नसत.

माझा भाऊ बोटीवर नोकरीला होता. त्याने बाली बेटावरच्या गामेलानची रेकॉर्ड आणली. काशाच्या पट्ट्या आणि घंटा वाजवणारा तो ताफा ऐकायला मी त्यांना घरी बोलावलं. सूर सारखे थरथरत होते.

“जरा बेसूर वाटतं ना?” मी विचारलं.

“न्हाय सर. जोडीतली एक पट्टी मुद्दाम चढी ठेवलीया. म्हणून नाद लाटंवानी हलतोय. बनवणारा लई जाणकार हाय की.”

पुढच्याच आठवड्यात त्यांनी मठासाठी आणलेल्या दोन सारख्या घंटांपैकी एक कानशीने घासली. मठाच्या पुजाऱ्यांनी दोन्ही वाजवल्या आणि “ह्या जुळत न्हाईत,” म्हणून परत केल्या. मला वाटलं, ते ओशाळतील. त्यांनी दुसरी जोडी काढून दिली.

परत आलेल्या घंटा त्यांनी दुकानाच्या दारात टांगल्या. रोज सकाळी ते दोन्ही एकदम वाजवत आणि शेवटची लाट विरेपर्यंत समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाशीही बोलत नसत.