पाणी कुणी सोडलं?

ती घटना आजही आठवते, कारण तिथं पहिली चूक माझ्याच कानांची झाली.

मी तेव्हा सांगलीत हवालदार होते. विश्रामबागेतल्या एका सोसायटीच्या पोहण्याच्या तलावात चार वर्षांचं पोर पडलं. शेजाऱ्यानं उडी मारून काढलं म्हणून वाचलं. अध्यक्षांनी जबाब दिला, वॉचमननं फाटक उघडं टाकलं. पंचनाम्यात फाटकाची कडी शाबूत निघाली.

वॉचमन दुष्काळी जतकडचा, पन्नाशीचा. ठाण्यात आणल्यावर एवढंच बोलला, "बाई, पाणी मीच सोडलं. माझं चुकलं."

'माझं चुकलं' एवढंच ऐकून मी ती गुन्ह्याची कबुली समजले. अटकेचे कागद तयार होत होते, तेवढ्यात त्या सोसायटीत भांडी घासणारी बाई आली.

"ताई, ती कडी नवी हाय. जुनी शिमग्यापासनं मोडल्याली. पोराला दवाखान्यात नेलं आन् तासाभरात अध्यक्षांनी फिटर आणला."

"आमच्या साहेबांसमोर सांगशील?"

"सांगीन की. कामं जातील, जाऊ द्यात. खरकटी भांडी काय तिथंच हायत व्हय?"

मी वॉचमनकडे परत गेले. "पाणी सोडलं म्हणजे नेमकं काय केलंस?"

"भरलं की. अध्यक्षसाहेब फोनवर म्हणले, तलावाचं पाणी सोड. आमच्याकडं टँकर आला की टाकीत पाणी सोडत्यात. तलाव निम्मा हुता, काठोकाठ केला."

अध्यक्षांना बोलावलं. कडीचं नाव काढलं नाही. चहा दिला आणि विचारलं, "याला पाणी सोडायला तुम्ही सांगितलं होतं?"

त्यांना हायसं वाटलं. "हो ना मॅडम! पाणी सोड, म्हणजे रिकामा कर म्हणालो, तर या शहाण्यानं भरून ठेवला."

"ऐन सुट्टीत तलाव रिकामा कशाला?"

"कडी मोडली होती, एखादं पोर आत..."

मी जबाब लिहिणाऱ्या रायटरला म्हटलं, "बोलले तसंच लिही."

निष्काळजीपणाचा गुन्हा अध्यक्षांवर दाखल झाला, कडी बदलून पुरावा झाकल्याचाही. वॉचमन साक्षीदार झाला.

अध्यक्ष वाईट नव्हते. पोर पडेल ही भीती त्यांना होती, पण ती त्यांनी फोनवरून दुसऱ्याच्या गळ्यात घातली. त्यातून मी एक शिकले : कबुली मिळाली तरी तिचा अर्थ विचारायचा. आणि तलावाचं फाटक आपोआप मिटावं, कडी पोराच्या हाताला लागू नये, हा नियम माणूस विसरतो म्हणूनच केलेला असतो.

परवा साताऱ्यात भाचीकडे गेले होते. त्यांच्या इमारतीच्या तलावाला आपोआप मिटणारं फाटक आहे. सारखं ढकलायचा कंटाळा, म्हणून कुणीतरी वीट लावून ते उघडं ठेवलं होतं. मी वीट उचलून बाहेर फेकली. जेवून खाली आले, तर तिथं दुसरी वीट होती.