मागच्या दारचं अर्थिंग

अम्मी गेल्यापासून श्रीवर्धनच्या घरात मी एकटाच होतो. भाई दोह्याहून रोज तेच पालुपद लावायचा, "एकटा काय करतंस तिथं? कुलूप लाव नि निघून ये." घरबसल्या नकाशे काढायचं काम मिळत होतं, पण कॉम्प्युटर स्वतःचा हवा होता. तो चालला तर मी राहणार, नाहीतर विमानात बसणार, एवढं ठरलं होतं. सुटे भाग मागवले आणि अम्मीच्या पलंगावरच जोडायला बसलो.

बटण दाबलं तर पंखा अर्धी गिरकी घेऊन गप्प. मदरबोर्डाखाली एक पितळी खुंटी मी जास्तीची ठेवली होती, ती नको तिथं टेकून शॉर्ट होत होतं. ती काढली आणि स्क्रीन उजळली. "झाला!" मी ओरडलो. ऐकायला कोणी नव्हतं. पण कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या कॅबिनेटला हात लावला तर कोपरापर्यंत झिणझिण्या.

टेस्टर लावला, तो पत्र्यावरही पेटला. वायरी बदलल्या, प्लग बदलला, विकणाऱ्याला यथेच्छ शिव्या घातल्या. शेवटी फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब जोडून पाहिला. लागलाच नाही. कॉम्प्युटर बिचारा ठीक होता, घराचंच अर्थिंग मेलं होतं, गळका करंट जमिनीत उतरतच नव्हता.

अर्थिंगचा खड्डा मागच्या दारी. अब्बा आखातात इलेक्ट्रिशियन होते. एका सुट्टीत त्यांनी तो स्वतः खणला, ओल धरून ठेवायला मीठ-कोळसा भरला, तोही अम्मीच्या वजूच्या दगडाला अगदी लागून. घरात नळ होता, तरी ती पाचही नमाजांआधी त्या दगडावर बसून तांब्यानं हात-तोंड-पाय धुऊन वजू करायची. आम्ही चिडवायचो, "अम्मी, बाथरूम शोभेला बांधलंय काय?"

"तुझ्या अब्बांनी सांगितलंय, पाणी हितंच पडूं दे." अब्बा गेले, तरी तिनं जागा बदलली नाही. आम्हाला तो म्हातारपणाचा हट्ट वाटायचा.

आता दगड कोरडा ठणठणीत होता, भोवतीची माती तडकली होती. तिचे कपडे वाटून टाकताना मी घट्ट राहिलो होतो. इथं मात्र मटकन बसलो आणि पोटभर रडलो.

मग बादलीनं पाणी ओतलं. माती प्यायली, पुन्हा ओतलं. संध्याकाळी बल्ब लागला. कॅबिनेटवर तळहात ठेवला, काही जाणवलं नाही.

तेवढ्यात भाईचा फोन. "मग, निघतंस ना?"

"नाय," मी म्हटलं. "इथं पाणी घालायला कोणीतरी हवं."