मास नको, नवरात्र आहे

बिअरच्या जत्रेला साबुदाण्याच्या खिचडीचा डबा घेऊन गेलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय, कारण तो मीच होतो. आणि त्या दिवशी त्या मांडवात असा माणूस मी एकटाच नव्हतो, हे कळल्यावर जो धक्का बसला तो अजून पुरता उतरलेला नाही.

मी तेव्हा दोह्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. आम्ही अल गराफाला एका व्हिलाच्या मागच्या भागात राहतो. बाबा मेसईदला, खताच्या कारखान्यात. इथला एक साधा हिशेब लहानपणापासून प्रत्येक भारतीय मुलाला पाठ असतो: शिकताय तोवर बापाच्या व्हिसावर, शिक्षण संपलं की एकतर नोकरी नाहीतर विमान. विमान माझ्या बाबतीत साताऱ्याला जाणार होतं, जिथे मी आजवर फक्त मे महिन्यात आंबे खायला गेलोय. सगळे मित्र, आई-बाबा, माझी खोली, सगळं इथे. त्यामुळे मला इथेच कुठेतरी चिकटायचं होतं, आणि चिकटायला जागा एकच दिसत होती. बाबांच्या खात्याचे जर्मन साहेब दरवर्षी दोन-तीन पोरं ट्रेनी म्हणून घेत. रविवारी सकाळी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, माझी मुलाखत होती.

बाबांनी गुरुवारीच बजावलं होतं. "शुक्रवार-शनिवार घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. साहेबांना गंभीर मुलं लागतात."

मी गंभीरपणे मान डोलावली. खिशातल्या फोनवर तोवर पास येऊन पडला होता. द पर्ल बेटाच्या अलीकडे एका हॉटेलच्या हिरवळीवर जर्मन बिअर महोत्सव, शुक्रवारी दुपारपासून. वर्गातले सगळे जाणार होते. नुकतंच माझं कायद्याने आत शिरता येईल एवढं वय झालं होतं, आणि त्या वयाचा अजून एकदाही उपयोग केलेला नव्हता.

अडचणी दोन होत्या. एक आई, दुसरी देवी. घरात घट बसले होते. आमच्याकडे नऊ दिवस उपवास असतो, आणि तो कतारमध्ये असल्याने कमी होत नाही. देवीचं मी माझ्यापुरतं मिटवून टाकलं: बिअर बार्लीची, म्हणजे धान्याची, फार तर उपवास मोडेल, पण मांसाहाराला हात लावला नाही तर देवीला तेवढं वाईट वाटणार नाही. आता लिहिताना हे वाचून मलाच माझी काळजी वाटते. तेव्हा मात्र मुद्दा अगदी बिनतोड वाटला होता.

आईला सांगितलं, मित्राकडे अभ्यासाला चाललोय. तिने विचारलं, "रात्रीपर्यंत?" आणि उत्तराची वाट न बघता डबा भरायला लागली. खिचडी, वर शेंगदाण्याची आमटी वेगळ्या डबीत, आणि सगळं पिवळ्या फडक्यात गाठ मारून. बाबा सकाळीच गेले होते. कारखान्यात दुरुस्तीचं शटडाऊन चालू आहे, ओव्हरटाइम आहे, म्हणून. नेहमीप्रमाणे बूट पिशवीत घालून, हातात डबा घेऊन.

मित्र गाडी घेऊन आला. हा मूळचा रत्नागिरीचा, वडिलांचं इथे दुकान. तो पीत नाही, पिणारही नाही.

"मग येतोयस कशाला?" मी विचारलं.

"तुला परत आणायला कोणतरी हवं ना शहाण्या. आणि तिथे ती मोठी खारी जर्मन चकली मिळते म्हणे, प्रेट्झेल का काय, हाताएवढी. ती बघायची आहे." मग माझ्या पिशवीकडे बघून, "हे काय? डबा? बिअरबरोबर?"

"आईने दिला. घरी ठेवून कसा येणार?"

"गाडीत ठेव."

"या उन्हात? आंबेल."

दारावरच्या गार्डने डबा उघडायला लावला. खिचडीकडे बराच वेळ पाहिलं. हिंदीत म्हणाला, बाहेरचं खाणं आत चालत नाही. मी म्हटलं, उपवासाचं आहे. त्याने वर कमानीवर रंगवलेल्या फेसाळ ग्लासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "उपवास," तो म्हणाला, आणि का कुणास ठाऊक, मला आत सोडलं.

आत गारेगार भला मोठा मांडव. लांबच लांब लाकडी बाकं, निळ्या-पांढऱ्या पताका, स्टेजवर चामड्याच्या अर्ध्या चड्ड्या घातलेले वादक ढोल बडवतायत, आणि दारातच प्रत्येकाला पीस खोचलेली हिरवी टोपी. आमचे वर्गमित्र कुठे दिसेनात, म्हणून आम्ही मिळेल त्या बाकावर बसलो. झालरीचा झगा घातलेली एक फिलिपिनो मुलगी धावत आली आणि त्या गोंगाटात ओरडून म्हणाली, "मास, सर? वन मास?"

इथे मी जो शहाणपणा केला तो माझ्या नावावर कायमचा लागलाय. मला वाटलं, ही विचारतेय मांस हवंय का. माझा देवीशी झालेला करार आठवला. मी हात जोडून म्हटलं, "नो मास. फास्टिंग. ओन्ली ड्रिंक."

"नो मास?" तिला विश्वास बसेना.

"नो मास. अजिबात नो."

ती गेली आणि दोन उंच ग्लास घेऊन आली. हिरवेगार. लिंबू-पुदिना. दोह्यात कुठल्याही टपरीवर मिळतो तोच.

मित्राने आपला ग्लास माझ्या ग्लासाला लावला. "वा. यासाठी आलो होतो आपण."

पुन्हा बोलावून मागायची लाज वाटली. उपवास आहे असं मीच हात जोडून सांगितलं होतं, आता कुठल्या तोंडाने बिअर मागणार? आजूबाजूला डोक्याएवढे पेले रिकामे होतायत आणि मी पुदिन्याची पानं चघळतोय. अशा वेळी माणूस दुसऱ्याची टिंगल करायला लागतो. मी फोन काढून शूटिंग सुरू केलं. पुढच्या बाकावर आमच्याकडे पाठ करून दोन टोप्या बसल्या होत्या, एक रुंद, एक किरकोळ. किरकोळ टोपीच्या पायात काहीच नव्हतं. बाकाखाली नुसते उघडे पाय. मी झूम केलं आणि मराठीत, अगदी समालोचन केल्यासारखं म्हणालो, "मित्रहो, ही जर्मन संस्कृती. टोपीला पीस, पायात काही नाही. पहिल्याच ग्लासात गड्याने बूट विकून टाकलेले दिसतात."

व्हिडिओ लगेच स्टेटसला टाकला. माझं स्टेटस बाबांना दिसत नाही, ही सोय मी फार पूर्वीच करून ठेवली होती. आईला दिसतं, पण आई स्टेटस बघत नाही. ती फक्त सुप्रभात पाठवते. असं मी समजून होतो.

फोन खिशात ठेवताना माझी नजर त्या दोघांच्या टेबलावर गेली. एक मोठा पेला. एक हिरवा ग्लास. आणि त्याच्या शेजारी पिवळ्या फडक्यात गाठ मारलेला डबा.

मी आधी माझी पिशवी चाचपली. माझा डबा पिशवीतच होता.

आमच्या घरात नवरात्रात एक माणूस नऊ दिवस अनवाणी असतो. कारखान्याच्या गेटवर सेफ्टी शूज चढवतो, बाहेर आला की काढून पिशवीत. हे मी जन्मापासून बघतोय. पण टोपीला पीस लावलं की आपला बाप आपल्याला ओळखू येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

"आपण जाऊ या," मी मित्राला म्हणालो.

"का? चकली अजून आली नाही."

त्याचा आवाज नेमका गाणं थांबल्यावर आला. मराठी ऐकून किरकोळ टोपी वळली. बाबांनी मला पाहिलं. मी त्यांना. बाबा म्हणाले, "यल्ला, चल. बस इथे."

रुंद टोपीही वळली. लाल चेहरा, पांढऱ्या मिशा. साहेब. इंग्रजीत त्यांनी बाबांना विचारलं, "मित्र आहेत का तुमचे?"

"नाही सर," बाबा म्हणाले. "मुलगा."

"म्हणजे तोच? आत्ता सांगत होतात तो? घरी बसून अभ्यास करतोय म्हणालात तो?"

ढोल पुन्हा सुरू झाले म्हणून बरं. बाबांनी माझ्याकडे वाकून मराठीत विचारलं, "प्यायलायस?"

"नाही."

"खरं बोल."

मित्र मध्ये पडला. "काका, कसम, आम्ही दोघं सरबतावरच आहोत."

"तुला कुणी विचारलंय? तूही बस." आम्ही सरकून बसलो. टेबलावर आता तीन हिरवे ग्लास आणि दोन पिवळे डबे.

"तुम्ही तर ओव्हरटाइमला होतात," मी हळूच म्हटलं.

"हाच ओव्हरटाइम." बाबा म्हणाले. "साहेबांनी खात्यातल्या सगळ्यांना बोलावलेलं. बाकीचे आले नाहीत. म्हटलं एकटे भेटतील, तुझं सांगता येईल. आल्यापासून धीर होत नव्हता. आत्ता कुठे विषय काढला, म्हटलं पोरगा फार गंभीर आहे. तेवढ्यात मागून तुझा मित्र चकली मागतोय."

बाबांना कधी कुणाकडे काही मागताना मी पाहिलं नव्हतं. त्या टोपीत ते फार लहान दिसत होते. साताऱ्याचं विमान मला आता अगदी डोक्यावर घिरट्या घालताना ऐकू येत होतं.

साहेबांनी माझ्या ग्लासाकडे बोट दाखवलं. इथे येऊन सरबत का? मी सगळं सांगितलं. ती मुलगी मास म्हणाली, आमच्या भाषेत मास म्हणजे मांस, आणि आमचा उपवास, म्हणून नको म्हटलं. साहेबांनी आपला भला मोठा पेला उचलून माझ्यासमोर ठेवला. "हा मास. एका लिटरचा पेला. याला मास म्हणतात." आणि मग विचार करत, "म्हणजे तू उपवासात बिअर प्यायला आलास, पण मांस खाणार नव्हतास?"

"येस सर."

"आणि हे तुला बरोबर वाटलं?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी टोपी काढून तिचं पीस नीट करायला घेतलं.

त्याच वेळी माझा फोन वाजला. आई. बाबांनी डोळ्यांनीच सांगितलं, उचलू नकोस. वाजून वाजून बंद झाला. मग बाबांचा फोन वाजला. तो त्यांनी उचलला, कारण तो न उचलण्याची हिंमत आमच्या घरात कुणात नाही. फोन त्यांच्या कानाला होता, तरी शेजारी खेटून बसलेल्या मला सगळं ऐकू येत होतं.

"शटडाऊन कसं चाललंय?" आई म्हणाली. अगदी शांत. "नाही, मी स्टेटस बघत होते. त्या टाचांच्या भेगांना रोज मलम मी लावते. ते पाय मी ओळखणार नाही? कुठल्या प्लांटमध्ये ढोल वाजतात हो? आणि मागून बोलतोय त्याला सांगा, बूट विकले नाहीत, पिशवीत आहेत म्हणावं."

फोन बंद झाला. साहेबांनी काय झालं विचारलं. बाबा खोटं बोलायच्या पलीकडे गेले होते. त्यांनी सगळं सांगून टाकलं, व्हिडिओसकट. मला तो दाखवावा लागला. साहेबांनी तो दोनदा पाहिला. हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत.

"माझ्याकडचं काम बघण्याचं आहे," ते मला म्हणाले. "पाइपला केसाएवढा तडा गेलाय का, नट सैल झालाय का, एवढंच. तुझ्या आईने अल गराफात बसून, फोनवर, नुसत्या टाचांवरून माणूस ओळखला. तू हातभर अंतरावर होतास आणि तुला तुझा बाप दिसला नाही." पेल्यातली बिअर संपवून ते उठले. "रविवारी आईला पाठवून दे."

परत येताना मित्राने चकलीसुद्धा मागे ठेवली होती. घरी आईने दोन्ही डबे उघडले, खिचडी तशीच बघितली, आणि तीच रात्री आमच्या पानात वाढली.

शनिवारी मी अभ्यास केला नाही. मी घरातल्या वस्तू बघत बसलो. गॅसच्या शेगडीची एक खुंटी वाकडी होती. बाबांच्या चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली होती. हे केव्हापासून होतं कुणास ठाऊक.

रविवारी मी गेलो, आई नाही. साहेबांनी कागद बाजूला सारले. "माझ्या पायाकडे न बघता सांग, काय आहे पायात?"

"काळे सेफ्टी शूज. डावी लेस सुटलीये, सर. दारातच सांगणार होतो."

साहेब टेबलाखाली वाकले. बराच वेळ वर आलेच नाहीत. लेस बांधत होते. वर आल्यावर म्हणाले, "पुढच्या रविवारपासून. सात वाजता गेटवर."

गेटबाहेर येऊन पहिला फोन आईला केला. मिळालं म्हणालो. तिने विचारलं, "काय विचारलं त्यांनी?"

"बूट."

"बूट?"

"हो. पायात काय आहे ते ओळखायला सांगितलं."

आई म्हणाली, "खरं सांग. सकाळी सकाळी परत तिकडेच गेला होतास ना?"