मोरचुदाचं मडकं

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही, बायकोपाशीही नाही. पण आधी त्या फेसाबद्दल सांगू द्या, मला राहवतच नाही!

अमरावतीला कॉलेजात होतो. बकऱ्याची कलेजी वाटायची, तिच्या पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचं, की नळी फेसानं उतू जाते. बकरा मेलेला, पण त्याच्या यकृतातलं एन्झाइम आपलं काम करतच असतं! पाहिलंय कधी?

आमचे सर हाच प्रयोग तपासणीला आलेल्या साहेबापुढे करणार होते. कलेजी आणायची ती प्रयोगशाळेचे शिपाई महादेवकाकांनी. पण मांसाला भांडं कोण देणार? वसतिगृहाचा आचारी तर अंगावरच धावून आला. मग मी चांदूर बाजारहून, आमच्या संत्र्याच्या बागेतलं जुनं मडकं आणून दिलं. त्यात फवारणीचा मोरचूद भिजवायचे, म्हणून ते घरातून बाद झालेलं. मी धुतलं होतं — दोनदा धुतलं होतं.

साहेबापुढे फेस आलाच नाही. शिळी कलेजी आणली म्हणून सरांनी काकांना तिथल्या तिथे कामावरून काढलं.

आणि मी? माझ्या डोक्यात एकच — मातीत मुरलेला मोरचूद! दुसऱ्या दिवशी काचेच्या बरणीत ताजी कलेजी आणली. एका नळीत नुसतं कलेजीचं पाणी, दुसरीत वर मोरचुदाचा एक थेंब, तिसरीत तीन. पेरॉक्साइड ओतलं. पहिली उतू गेली, दुसरी अर्ध्यावर थांबली, तिसरीत नावाला बुडबुडे! एन्झाइमला लगाम घालता येतो — हवा तेवढा! पळत जाऊन सरांना ओढून आणलं. त्यांनी पाठ थोपटली. मडक्याचं मी बोललो नाही. बोललो असतो, तर पाठीवरची ती थाप राहिली असती का?

काका तेव्हाच किल्ल्या परत द्यायला आले होते. दारात उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बापू, मंग माही कलेजी ताजीच होती न?"

"मले काय मालूम, काका," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि ते गेले.

पुढे अकोल्यात मास्तर झालो. दरवर्षी तो प्रयोग करतो, आणि मोरचुदानं फेस बसला की आजही अंगावर काटा येतो — आनंदानं. हेही कबूल करतो.

कलेजी ताजी होती. मला ते माहीत होतं.