विटांचा खेळ

नव्वदच्या दशकात एकदा पालघरहून मनोरला जाणाऱ्या एसटीत एक आदिवासी बाई माझ्या शेजारी बसली. माझ्या हातात व्हिडिओ गेमचं छोटं यंत्र होतं. सकाळीच ते मी मुलीकडून हिसकावून घेतलं होतं.

"ह्यो काय हाय, भाऊ?" तिनं विचारलं.

मी भाषणच ठोकलं. या खेळांनी मुलांचे डोळे आणि डोकं दोन्ही बिघडतात, सरकारनं यावर बंदीच घालायला हवी, वगैरे.

"सरकार आमाला रानात लाकडं तोडायला बंदी घालतं," ती म्हणाली. "पण बंदी घालणाऱ्या सायबानं कदी मोळी उचलली नाय. तुमी हा खेळून बघितलाय का?"

मी खेळलो नव्हतो. ओशाळून यंत्र चालू केलं. वरून पडणाऱ्या वेगवेगळ्या आकारांच्या विटा फिरवून ओळ भरायची की ती नाहीशी होते, एवढाच खेळ. माझा ढीग बघता बघता वर टेकला. तिनं यंत्र मागून घेतलं. ती दर उन्हाळ्यात वीटभट्टीवर कामाला जायची. घट्टे पडलेल्या अंगठ्यांनी तिनं विटा अशा नेमक्या बसवल्या की ओळीमागून ओळ नाहीशी होऊ लागली. दर ओळीला ती तोंडावर पदर धरून हसायची.

"भरलेली ओळ आपसूक उचलली जाते! भट्टीवर असं यंत्र द्या म्हणावं सरकारला."

मासवणचा थांबा आला. "लांब वीट उभी करून घाला, भाऊ," असं बजावून, यंत्र माझ्या हातात देऊन ती उतरून गेली.

मी तिच्या सांगण्याप्रमाणे खेळत राहिलो. मलाही मासवणलाच उतरायचं होतं, हे मनोरच्या स्टँडवर कंडक्टरनं हटकलं तेव्हा आठवलं.