फुआवाईचा आवाज

तेलेसिया कुठल्याही वाचनालयात शिरली की आधी बापाला शोधायची. ही खोड तिला आठव्या वर्षी लागली. तिची आई माकेरिता गालिच्यांच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला असायची, घरी दुसरं कुणी नाही, म्हणून शाळा सुटली की पोरीनं ऑकलंडमधल्या ओटाराच्या वाचनालयात जाऊन बसायचं असा हुकूम होता. तिथं ऊब होती, संडास स्वच्छ होते आणि कुणी अंगावर हात टाकत नव्हतं, माकेरिताला तेवढं पुरे होतं. तिथल्या एका बाईंनी एकदा कौतुकानं सांगितलं की जगातली सगळी माणसं या पुस्तकांत कुठे ना कुठे आहेत. पोरीनं ते खरं मानलं. तिनं कार्डांचा 'फ'चा खण ओढला आणि मांडी घालून शोधत बसली.

बाप तिला आठवत नव्हता. ती रांगत होती तेव्हा तो सामोआतल्या सावाई बेटावरून होडी घेऊन मासे मारायला गेला, आणि नुसती होडी परत आली. मग माकेरिता तिला काखोटीला मारून ऑकलंडला आली. बापाचं नाव तानिएलू. पण शेवटच्या वर्षी घराण्याची पदवी त्याच्याकडे आली होती, आणि आम्हा सामोआच्या माणसांत पदवी आली की आईबापांनी ठेवलेलं नाव मागं पडतं. ती पदवी फुआवाई. चर्चमध्ये, लग्नात, मयतीत, सगळे त्याला फुआवाईच म्हणायचे. घरात त्याचा एक फोटो होता, त्यातही तोंडावर ऊन पडून नाकडोळे पुसल्यासारखे झालेले.

"त्याचा आवाज कसा होता गं आई?" तेलेसिया विचारायची.

"पुरुषासारखा," माकेरिता म्हणायची आणि बटाटे सोलत राहायची.

खणांतली कार्डं गेली, संगणक आले. 'तानिएलू' टाकलं की रग्बीवाले आणि पाद्री यांची रांग लागायची. 'फुआवाई' टाकलं की काहीच यायचं नाही. तेलेसियाचं लग्न झालं, मोडलं, मुलगा ब्रिस्बेनला गेला, विमानतळाच्या स्वयंपाकघरात थाळ्या भरता भरता केस पिकले, तरी पुस्तकं परत करायला गेली की चोरून ते एक नाव बडवून यायची. चोरून म्हणायचं आपलं. वाचनालयात सगळ्यांना माहीत होतं.

"अगं तेलेसिया, इकडे ये," काउंटरवरची नायरी एका शनिवारी म्हणाली. ती माओरी, तिच्या वयाची, जिभेनं फटकळ आणि मनानं लोण्यासारखी. "आता विद्यापीठाचं सामानही इथून दिसतं. टाकू का तुझ्या माणसाला?"

"टाक. नाहीतरी तू ऐकणारेस थोडीच."

आणि फुआवाई आला. 'फुआवाई, कोळी. माशांची नावं आणि मासेमारीच्या रिती.' खाली गावाचं नाव, तेच गाव. बाप गेला त्याच्या आदल्या वर्षाची टेप. कुणी अभ्यासक यंत्र घेऊन बेटावर गेला होता म्हणे. तेलेसिया उभीच राहिली. नायरीनं काउंटरमागून येऊन तिला खुर्चीत बसवलं आणि विद्यापीठाला फोन लावला.

विद्यापीठाच्या त्या टेकडीवर ती जन्मात चढली नव्हती. आमच्यातली माणसं तिथं जातात ती पोरांना पदवी मिळताना टाळ्या वाजवायला, नाहीतर पहाटे फरशी पुसायला. पण वरच्या मजल्यावरच्या हॉलिस नावाच्या टकलू गृहस्थांनी तिला पाहुणीसारखं आत नेलं, हेडफोन दिले, बटणं दाखवली. टेप जुनी आहे, घरी नेता येणार नाही, म्हणाले, पण कधीही येऊन ऐका.

बटण दाबलं आणि एक माणूस तिच्या कानात बोलायला लागला. भरदार, थोडा घोगरा आवाज. स्वतःच्याच विनोदावर आधी स्वतः हसणारा. "हा मासा लिहून घ्या साहेब, पण खाऊ नका. तुमच्या पोटाला सोसायचा नाही." आणि मग ते हसू, छातीतून गडगडत येणारं. तेलेसिया तोंडावर हात दाबून रडली. पन्नाशीला टेकलेली बाई, पण त्या दिवशी तिला बाप झाला.

सबंध हिवाळाभर तिनं एकही शनिवार चुकवला नाही. तो कुठे खोकतो, कुठे श्वास घेतो, सगळं पाठ झालं. एकच जागा तिला खटकायची. बोलता बोलता तो मध्येच ओरडायचा, "ए पोरा, ते जाळं आण इकडे!" आणि लांबून कुणीतरी उत्तर द्यायचा, "आलोच!" पुढं जाळ्याचीच चर्चा, बापाचं हसू नाही, काही नाही. ऐन रंगात आलेलं बोलणं तुटायचं. तिनं बटणाची युक्ती शिकून घेतली. ती जागा आली की टेप पुढं ढकलायची.

स्वयंपाकघरात ती त्याच्यासारखी हसायला लागली. "काय गं, रेडे हाकतेस का?" शेजारच्या बाईनं विचारलं.

"बापाचं हसू आहे माझ्या. तुला काय कळणार?"

आईला मात्र तिनं उशिरा सांगितलं. माकेरिताची किडनी गेलेली, आठवड्यातून तीनदा यंत्रावर पडायचं, त्यात हा धक्का नको असं तिला वाटलं. माकेरितानं सगळं ऐकून घेतलं. कोकोचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मला घेऊन चल."

शनिवारी ती चर्चला निघाल्यासारखी नटली. पांढरा झगा, पांढरी हॅट, हातात नारळाच्या दुधातल्या पावांचा डबा.

"आई, तिथं खायला चालत नाही."

"मग ते लोक जगतात कशावर?"

हॉलिसनी डबा घेतला, वाकून आभार मानले, आणि बाहेर नेऊन ठेवला. तेलेसियानं आईच्या कानांना हेडफोन लावले, दुसरी जोडी स्वतः घातली आणि आईच्या चेहऱ्याकडं बघत बसली. आता आई रडेल, मग आपण तिला धरू, असं सगळं मनात ठरलेलं होतं.

माकेरिता रडली नाही. तिच्या कपाळावर आठ्या आल्या. मग ओठाच्या कोपऱ्यात जरासं हसू आलं, दिराशी गाठ पडावी आणि बाईनं बेतानं हसावं तसं. तेलेसियाला ते हसू कळेना. इतक्यात ती जागा आली. "ए पोरा, ते जाळं आण इकडे!" आणि सवयीनं तेलेसियाचा हात बटणाकडं गेला.

माकेरितानं त्या हातावर फटका मारला.

"मागे घे!" ती ओरडली. कानात हेडफोन असले की माणसाला आपला आवाज कळत नाही. सगळी खोली वळून बघायला लागली. "मागे घे म्हणते ना! परत लाव!"

परत लावलं. पुन्हा परत. माकेरितानं दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर गच्च दाबून धरले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. कितीतरी वेळानं तिनं ते उतरवले.

"तोच," ती म्हणाली.

"मला माहितीय आई."

"तुला काही माहीत नाही. हा बडबडतोय तो आपेरामो. तुझा मोठा काका. बोलायला लागला की देवालाही आवरायचा नाही."

"पण इथं फुआवाई लिहिलंय."

"तेव्हा फुआवाई तोच होता. तो वारला मग पदवी तुझ्या बापाकडं आली. हे सांगायला लागतं होय?"

सांगायला लागत नव्हतं. पदवी एका माणसाबरोबर मरत नाही, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तेलेसियानं तर मयतीत आणि पदवीच्या समारंभात ते डोळ्यांनी बघितलेलं. पण तिच्या जगात फुआवाई एकच होता. त्याच्याआधी त्याच नावाचा कुणी बसून गेला असेल, हे तिच्या मनाला कधी शिवलंच नाही.

"आणि बाबा?"

"'आलोच' म्हणाला ना, तो."

हिवाळाभर ती काकाच्या हसण्यावर जीव टाकत होती आणि बाप बोलायला आला की बटण दाबून त्याला हाकलत होती. तिला स्वतःची इतकी चीड आली की रडूही फुटेना.

परतीच्या बसमध्ये माकेरितानं हॅट काढून मांडीवर ठेवली. मग खिडकीकडं बघत म्हणाली, "होडी घेऊन गेला त्या दिवशी मी म्हटलं होतं, पोरगी रडतेय, आज नको जाऊस. दारातून म्हणाला, आलोच."

माकेरिता टेकडीवर पुन्हा गेली नाही. एकदा ऐकलं, बास झालं, म्हणाली. नाताळाच्या आत ती वारली. मयतीला गाव लोटला, रितीप्रमाणे भेटीच्या चटया आल्या, डबाबंद मांसाच्या पेट्या आल्या, गाणी झाली. म्हातारी आता फुआवाईकडं गेली, असं जो तो म्हणत होता, आणि तेलेसिया मान हलवत होती. तिच्या एकदम ध्यानात आलं की तो एक शब्द ओळखणारं माणूस आता जगात उरलं नाही. ती स्वतः तेवढी, आणि तीही आईच्या सांगण्यावरून.

पुढच्या शनिवारी ती हॉलिसांकडं गेली.

"तुमच्या यादीत चूक आहे," ती म्हणाली. "बोलणारा फुआवाई आपेरामो. माझा काका. तसं लिहा. नाहीतर उद्या माझ्यासारखीच दुसरी कुणी येऊन फसायची."

हॉलिसनी चष्मा लावला आणि तिच्यासमोरच नाव सुधारलं. "अजून कुणी बोलतं का टेपमध्ये?"

"हो. एक जण बोलतो. तानिएलू. माझे वडील."

"अरे वा! मग त्यांचंही नाव घालू. ते कशाबद्दल बोलतात?"

हॉलिस बोटं कळफलकावर ठेवून थांबले. मागं कुणीतरी पुस्तकांची गाडी ढकलत गेलं.

"आलोच म्हणतात," ती म्हणाली. "एवढंच."