काचेवरची भाकरी

विजेची शेगडी आमच्या घरात कुणाच्या हौसेनं आली नाही. त्या दिवशी मी उसाला पाणी देऊन घरी आलो, तर दारातच गॅसचा वास. आत बायको निवांत गवारी निवडत बसलेली. गॅसचं बटण फिरवलेलं, जाळ मात्र लावलेला नाही. मी पळत जाऊन बटण बंद केलं, खिडकी उघडली आणि तिच्यावर ओरडलो. ती माझ्याकडं बघत म्हणाली, "अवं, मी कुठं लावलाय गॅस? मी तर भाजी निवडतीया."

तिला खरंच तसं वाटत होतं. वर्षभर हे चाललं होतं. दूध चुलीवर ठेवायची आणि गोठ्यात जाऊन बसायची. माझी बहीण वारून बरीच वर्षं झाली, पण ती कधी येणार म्हणून ही रोज विचारायची. बारामतीच्या डॉक्टरनं सांगितलं, हे आता वाढत जाणार. गोळ्या दिल्या. त्या वेळेवर द्यायच्या हे मी लक्षात ठेवायचं.

गॅसचं मी पोराला सांगितलं नव्हतं. ते शेजारणीनं सांगितलं. मोबाइल आल्यापासून आपल्या घरातलं आपण सांगायची गरजच राहिली नाही.

आमची वस्ती पळसदेवच्या अलीकडं, धरणाच्या पाण्यापासून थोडी वर. पोरगा बारामतीत राहतो, चौथ्या मजल्यावर. रविवारी गाडी घेऊन आला, काही न बोलता सिलेंडर उचलला आणि डिकीत टाकला. मागच्या पडवीत जुनी चूल होती, तिच्यावर पेंडीची पोती रचली. मग हात झटकत मला म्हणाला, "आबा, आता दोनच गोष्टी. इंडक्शनची शेगडी घेऊ. जाळ न्हाय, गॅस न्हाय, पदर पेटायचं भ्या न्हाय. त्याच्यावर आईला जमलं तर ऱ्हावा हितं. न्हाय जमलं तर आईला मी घिऊन जाणार."

"आन् तिला इचारलंस का?"

"आईला काय इचारायचं, आबा?"

हे असं बोलतात. माणूस समोर बसलेलं असतं आणि त्याला काय विचारायचं, म्हणतात.

तिला त्या चौथ्या मजल्यावर का पाठवायचं नव्हतं, ते सांगतो. आधी एकदा नेली होती तिला, दवाखान्यासाठी. तिसऱ्या प्रहरी सगळ्यांचा डोळा लागलेला बघून ही उठली, हातात उलथनं घेतलं आणि शेजारच्या दारावर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "बाई, जरा इस्तू देता का? आमची चूल इजलीया." आमच्या लहानपणी असंच होतं. काडीपेटी जपून वापरायची, आपली चूल विझली तर शेजारच्या चुलीतला निखारा उलथन्यावर आणायचा. त्यात कुणाला लाज नव्हती. पण त्या शेजारणीनं दार लावून घेतलं. मग ही खालच्या मजल्यावर गेली, तिथंही इस्तू मागितला. सगळ्या इमारतीत झालं. सूनबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाहेरच्या दाराला आतून कुलूप घातलं. मी भेटायला गेलो तेव्हा ही त्या दाराची कडी धरून उभी होती. मला बघून म्हणाली, "चला घरला, जनावरं उपाशी असतील."

तेव्हा शेगडी चांगली निघणं आणि तिला ती जमणं, याच्यावर सगळं होतं. न जमलं तर कुलूप.

म्हणून म्हणालो, निवडायची ती मी निवडणार.

या शेगडीवर चुंबक चिकटेल तेच भांडं तापतं, असं मला डेअरीवर कळलं होतं. चुंबक माझ्याकडं होतं. गाईनं तार-खिळा गिळला तर तो पोटात फिरू नये म्हणून डॉक्टर तिच्या घशातून चुंबक सोडतात. तसं एक जास्तीचं कोनाड्यात पडलेलं होतं. ते घेऊन मी घरातल्या एकेका भांड्याला लावून बघितलं. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची पातेली, नाही. पितळी डेग, नाही. तिच्या मामानं लग्नात दिलेला, नाव घातलेला तांब्या, नाही. दोनचार स्टीलची चिकटली, ती सुनेनं दिवाळीला दिलेली. आणि भाकरीचा लोखंडी तवा. तो चुंबकाला असा घट्ट बसला, की मला बरं वाटलं. बायको बघत होती. म्हणाली, "काय हो, भांड्यांना काय झालंय? तार गिळली का?"

मी हसलो. हसण्यासारखं बोलली की अजून वाटतं, सगळी जाग्यावर आहे.

तवा पिशवीत घालून पोरासोबत बारामतीच्या दुकानात गेलो. तिला बरोबर घेऊ म्हणालो, तर पोरगा म्हणाला, गर्दीत कुठं जाईल. दुकानात एक बाई होती, बोलायला गोड. तिनं काळ्या काचेची शेगडी काढली, नुसतं बोट टेकवलं की चालू. मी बोट टेकवलं. काही झालं नाही. पुन्हा टेकवलं. माझ्या बोटांची कातडी आता बोटाची राहिलेलीच नाही, काचेला काय कळणार.

बाई म्हणाली, "आजोबा, बोट जरा ओलं करून लावा."

मी म्हणालो, "बाई, हिरीवर मोटर चालू करताना कुणी बोट ओलं करतं का?"

पोरगा मागं सरकला. बापाची लाज वाटली की तो मागं सरकतो, लहानपणापासून.

मी सांगितलं, दाबायची बटणं असलेली दाखवा, मोठी. दाबल्यावर हाताला कळलं पाहिजे. तशी काढली. तवा ठेवला, तर तो भोवऱ्यासारखा डुलला. आमच्या तव्याचं बूड गोल, चुलीवरचं. शेगडीनं नुसत्या शिट्ट्या मारल्या. "भांडं नीट बसलं नाही की अशी वाजते," बाईनं सांगितलं आणि सपाट बुडाचा नवा तवा आणून ठेवला. मी विचारलं, "भाकरी फुगंल का ह्याच्यावर?"

"सगळं होतं आजोबा. डोसा, पिझ्झा, सगळं."

मी भाकरीचं विचारलं होतं.

घरी सुनेनं फोनवरून तिला समजावलं. तव्यावरच कापडानं दाबत राहायचं, फुगते. हिनं ऐकून घेतलं, मान हलवली, "व्हय, व्हय" म्हणाली. मी बटण दाबून दिलं.

तिला नावं आठवत नाहीत, पण भाकरी आठवते. पीठ मळलं, काटवटीत थापली. तो आवाज बाहेर गोठ्यात ऐकू जायचा, तसाच आला. तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली. इथपर्यंत सगळं बरोबर. आणि मग चुलीपुढं बसून जे आयुष्यभर केलं तेच केलं. तवा उचलून खाली ठेवला आणि अर्धी भाजलेली भाकरी चुलीतल्या निखाऱ्यांच्या आरावर टाकावी तशी त्या काचेवर टाकली. शेगडीनं शिट्टी मारली.

"कारखान्याचा भोंगा झाला का?" ती म्हणाली.

"न्हाय. शेगडी हाय ती."

ती भाकरी फुगायची वाट बघत बसली. काच थंड पडत गेली. तिनं बोटानं भाकरी फिरवली, कडेला उभी करून बघितली. मग माझ्याकडं तोंड करून म्हणाली, "इस्तू कुठाय हो?"

मी म्हणालो, "झालीया, दे." आणि खाल्ली.

रोज तसंच झालं. मी कापड तिच्या हातात द्यायचो, एक भाकरी दाबायची, दुसरी काचेवर. तू राहू दे, मी भाजतो, असंही म्हणून बघितलं. तर तिनं काटवट पोटाशी ओढून घेतली, कुणी हिसकावून घेतंय तशी. मग मी नाद सोडला. कच्ची भाकरी मधी पांढरी, चिकट असते, टाळ्याला बसते. ठेच्यासंगं खाल्ली की जाते. रानात शेजारच्या बांधावरचा म्हणाला, "आबा, पोटावर सारखा हात का?" म्हटलं, वय झालं. पोरगा फोनवर विचारायचा, "आईला जमतंय का?" मी सांगायचो, "झ्याक."

मग एका रविवारी तो न सांगता आला. भर जेवणाच्या वेळी. मी ताटावर बसलेलो.

हिला कोण आनंद! "बस, बस. माझा राजा. गरम हाय." काचेवरची उचलून त्याच्या ताटात टाकली. मी त्याच्याकडं बघितलं नाही. त्यानं तुकडा मोडला, ओढला, तो रबरासारखा लांबला. त्याला कळलं. माझ्या ताटाकडं बघितलं, तेही कळलं.

पोराबद्दल एवढं खरं लिहितो, की ती भाकरी त्यानं अख्खी खाल्ली. आईनं आणखी एक वाढली, तीही खाल्ली. "आई, एक लंबर," म्हणाला. हात धुऊन अंगणात आला आणि माझ्यापुढं उभा राहिला.

"किती दिस झालं कच्ची खाताय?"

"मला गोड लागती."

"आबा, हट्ट सोडा आता. तिचं कपडं भरा."

"कुलूप लावणार का?"

तो गाडीकडं वळला.

"लावणार का न्हाय, ते सांग."

"मग काय करू, आबा? आमी दोघं कामावर जातो. रस्त्यावर गेली तर?"

त्याचं खोटं नव्हतं. तरी मला त्याचा राग आला आणि अजून आहे. मी पडवीत गेलो, चुलीवरची पोती ओढून काढली. पाठीत कळ आली, पण त्याला हात लावू दिला नाही.

"चूल पेटणार. तिच्याजवळ मी बसणार. पाण्याची बादली घिऊन."

"आन् तुमी रानात गेल्यावर?"

"न्हाय जात रानात."

तो हसला. "तुमी? रानात न गेल्याला तुमचा एक दिस दाखवा."

"आजपास्नं बघ," म्हटलं. "आन् तुझी शेगडी घिऊन जा."

शेगडी त्यानं नेली नाही. मीच निवडलेली होती, परत द्यायची सोय नव्हती. आता तिच्यावर पिठाचा डबा असतो.

ऊस चुलतभावाला वाट्यानं दिला. त्याला आयतंच पाहिजे होतं. पाण्याची पाळी आली की मोटर चालू झालेली मला चुलीपाशी ऐकू येते. तो दारं नीट धरत नाही, सरी वेळेवर बदलत नाही, पाणी एका सरीत तुंबतं आणि कडेचा ऊस कोरडा राहतो. सगळं दिसतं मला, इथून. उठता येत नाही. तिचा पदर खोचलेला आहे का, हे बघत बसायचं असतं. डेअरीवर परवा एकानं हटकलंच, "काय आबा, भाकऱ्या शिकताय म्हणं?" म्हटलं, "व्हय, शिकून झालं की तुझ्या घरी येतो. तुझी बायको कच्च्या करती म्हणं." सगळे हसले. मीही हसलो. पण ते बोलणं मला लागलं आणि त्याला ते माहीत होतं.

भाकरी मात्र फुगते. आरावर टाकली की टम्म. ती फुगली की हिच्या तोंडावर जे येतं, ते बघायला पोरगा नसतो.

तिला एकच कळत नाही, मी घरी का. "अवं, तुमी अजून रानात न्हाय गेला? सूर्य बघा कुठं आला. लोकं काय म्हणतील?"

"निघालोच हाय. बांधून दे."

ती फडक्यात भाकरी, ठेचा, कांदा बांधून देते. मी चुलीवर पाणी ओततो, काडीपेटी खिशात घालतो, खांद्यावर खोरं घेतो आणि घराला वळसा घालून मागच्या भिंतीला जाऊन बसतो. तिथून तिला मी दिसत नाही, पण मला तिची चाहूल लागते. ऊनही तिथंच जास्त लागतं. भाकरी खातो. थोडा वेळ काढतो. मग खोऱ्याला जरा माती लावून पुढच्या दारानं घरात येतो.

ती पाण्याचा तांब्या पुढं करते. "बसलं का पाणी उसाला?"

"बसलं."

"कडंपर्यंत?"

"कडंपर्यंत."